जुन्या गाडीची बखर

इतिहासाच्या अध्यापकास व्यवहारांतलें फारसें कळतें असें कोणी मानीत नाहीं. आमच्या घरींही तसें कधीं मानलें गेलें नाहीं. तथापि जुन्या कागदांची पारख करण्यांत ज्याचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं, त्यास निदान एक जुनी वस्तु पारखून घेतां येईल, अशी आमची स्वतःविषयीं समजूत होती. २०२० सालच्या आरंभीं घेतलेल्या एका जुन्या डिझेल गाडीनें ती दूर केली. गाडी उंच, पांढरी, सात माणसें ऐसपैस बसतील अशी; विकणारा गृहस्थ बोलण्यांत अत्यंत गोड. ही गाडी एका डॉक्टरांची, सांभाळून वापरलेली, गांवाबाहेर क्वचितच गेलेली, असा तिचा पूर्वेतिहास त्यानें आम्हांस ऐकविला. बखरकाराच्या शब्दावर विसंबूं नका, असें ज्या आम्हीं प्रतिवर्षीं नव्या मुलांना बजाविलें, त्याच आम्हीं तो अक्षरशः खरा मानला.

पहिल्याच पावसाळ्यांत गाडीचे दिवे आपोआप लागूं व विझूं लागले. दरवाजांच्या कांचा मध्येंच अडकूं लागल्या. शेवटीं एका वाकबगार मेस्त्रीकडे गाडी नेली. त्यानें मधल्या बाकाखालचा गालिचा उचलला, तों खालीं काळसर, पिठासारखा बारीक गाळ वाळून बसलेला. तो त्यानें चिमटींत धरून आम्हांस दाखविला आणि एवढेंच म्हणाला, "सर, ही गाडी पुरांतली आहे." २०१९ सालच्या ऑगस्टांत कृष्णा व पंचगंगा यांस महापूर आला, तेव्हां सांगली-कोल्हापूरकडे माणसांचे संसार बुडाले तसे दारांतल्या गाड्याही बुडाल्या, त्यांतलीच ही एक असावी. नदीकांठच्या गाळाच्या थरांवरून प्राचीन वसाहतींचा काळ ठरवितात, हें आम्ही वर्गांत शिकवितों. आणि तसाच एक थर सहा महिने आमच्या पायांखालीं असतां तो आम्हांस दिसला नाहीं. मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूस काढलेल्या रकमेचा बराच भाग त्या दुरुस्तींत गेला. त्याबद्दल घरांत कोणी आम्हांस कांहीं बोललें नाहीं, हें अधिक लागलें.

तेव्हांपासून आप्त, शेजारी व जुने विद्यार्थी आम्हांस विचारूं लागले कीं, जुनी डिझेल एस्. यू. व्ही. घ्यावयाची झाल्यास कोणती घ्यावी? एकदां फसलेला मनुष्य सल्ला देण्यास योग्य होतो, अशी लोकांची श्रद्धा दिसते. आमच्याजवळ यावर एकच उत्तर आहे, आणि तें आमच्या धंद्यांतलें आहे. जुनी गाडी घेणें म्हणजे इतिहास वाचणें होय. आणि हा इतिहास दुहेरी आहे. एक त्या विशिष्ट गाडीचा, आणि दुसरा ती ज्या जातीची आहे त्या जातीचा. पहिला न वाचला तर आमच्यासारखी फसगत होते. दुसरा न वाचला तर गाडी निर्दोष मिळूनही ती आपल्या कामाची नसते. ही दुसरी फसगत अधिक सोज्वळ असल्यामुळें तिची तक्रार कोणी करीत नाहीं, एवढेंच. म्हणून आरंभ त्या दुसऱ्या इतिहासापासून करूं.

रूडॉल्फ डिझेल हा बव्हेरियन आईबापांचा मुलगा १८५८ सालीं पॅरिस येथें जन्मला. वाफेच्या एंजिनांत कोळशाच्या उष्णतेचा फार मोठा भाग फुकट जातो, ही गोष्ट त्यास विद्यार्थिदशेपासून बोचत असे. हवा दाबली म्हणजे ती तापते. सायकलींत हवा भरतांना पंप ऊन होतो हें लहान मुलासही ठाऊक असतें. डिझेलनें हाच न्याय टोंकास नेला. हवा इतकी दाबावी कीं तींत तेलाचा फवारा सोडतांच तो आपोआप पेटावा, ठिणगीची गरजच राहूं नये, ही त्याची कल्पना. १८९२ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला, आणि अनेक अपयशांनंतर १८९७ सालच्या फेब्रुवारींत ऑग्सबर्ग येथील कारखान्यांत त्याच्या एंजिनानें तेलांतल्या उष्णतेपैकीं शेंकडा सुमारें २६ भाग कामास लावून दाखविला. त्या काळचें सामान्य वाफेचें एंजिन याच्या निम्म्यापर्यंतही पोंचत नसे. संशोधकाच्या कपाळीं मात्र सुख नव्हतें. १९१३ सालच्या सप्टेंबरांत इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटीवरून तो रात्रीं नाहींसा झाला, व कांहीं दिवसांनीं त्याचें प्रेत समुद्रांत आढळलें.

या एंजिनाचे गुण व दोष दोन्ही त्या एका कल्पनेंतूनच निघतात. हवेवर जबरदस्त दाब आणावयाचा तर एंजिनाच्या भिंती जाड पाहिजेत. म्हणून तें जड, महाग व गोंगाटी. पण त्याच जाडीमुळें तें दीर्घायुषी. आणि थोड्या फेऱ्यांत भरपूर ओढ देणारें असल्यामुळें ओझें व चढण यांना योग्य. अशा बैलास प्रथम नांगरास जुंपतात, टांग्यास नाहीं. डिझेल एंजिनही प्रथम गिरण्यांत, आगबोटींत व मालमोटारींत गेलें. मर्सिडीज कंपनीची २६० डी ही डिझेलवर चालणारी खासगी मोटार बाजारांत आली ती १९३६ सालीं, म्हणजे ऑग्सबर्गच्या यशानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनीं.

महाराष्ट्रास या एंजिनाची ओळख रस्त्यावर झाली त्याच्या आधीं ती विहिरीवर झाली. १९४६ सालीं पुण्यांत किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी निघाली, आणि मोटेच्या जागीं एंजिनाची धडधड शेतकऱ्याच्या कानीं येऊं लागली. हीं एंजिनें गांवचा लोहारही उघडून पाही. डिझेल म्हणजे टिकाऊ, डिझेल म्हणजे कोठेंही दुरुस्त होणारें, ही जी समजूत आजही जुनी गाडी घेणाऱ्याच्या मनांत घर करून आहे, तिचें मूळ आमच्या मतें या विहिरीच्या कांठीं आहे. १९५४ सालीं टाटांनीं डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीशीं सहकार्य करून मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला, आणि घाटांतून वर चढणाऱ्या ट्रकानें ती समजूत पक्की केली.

जीपगाडीची कथा निराळी. ती युद्धांत जन्मली. अमेरिकन सैन्यासाठीं विलिस कंपनीनें १९४१ पासून ती मोठ्या प्रमाणावर बांधली. महायुद्ध संपल्यावर कांहीं वर्षांतच मुंबईंत महिंद्र कंपनीनें तिची जुळणी सुरू केली. पण ती जीप पेट्रोलवर चाले, आणि तिची भूक मोठी असे. सरकारी साहेबास व जंगलखात्यास ती परवडे, इतरांस नाहीं. १९७९ सालीं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचें डिझेल एंजिन येथें बांधण्याचा परवाना महिंद्र कंपनीस मिळाला. युद्धांतली ती काटक काया आणि विहिरीवरचें तें अल्पाहारी हृदय यांची गांठ पडली. आजच्या डिझेल एस्. यू. व्ही.चा आपल्याकडील जन्म हाच होय.

जीप डिझेलवर आली तशी ती साहेबाची राहिली नाहीं, गांवाची झाली. एस्. टी. जेथें दिवसांतून दोनदां येई तेथें तासातासास जीप येऊं लागली; सातारा-सांगली-कोल्हापूरकडे तिला 'वडाप' हें अस्सल नांव मिळालें. आंत माणसें किती आणि बाहेर लोंबणारीं किती, याचा हिशेब ठेवणें अवघड होतें. अकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीची ट्रॅक्स, १९९४ सालीं टाटांनीं आणलेली सुमो, २००० सालची बोलेरो, यांनीं ही परंपरा चालविली. दुसरीकडे १९९१ ची सिएरा व १९९८ ची सफारी यांनीं असें सुचविलें कीं, अशी गाडी हौसेसाठींही घेतां येते. २००२ सालीं नाशकास तयार झालेली स्कॉर्पिओ आली, आणि दोन्ही प्रवाह एकत्र झाले. आतां गाडी शेतावरही जाई आणि लग्नाच्या मांडवापुढेंही उभी राही. ग्रामीण महाराष्ट्रांत तर ती पुढारीपणाचें लक्षण ठरली. पूर्वीं पागेवरून सरदाराची योग्यता ठरत असे, तशी आतां ती दारापुढच्या गाड्यांवरून ठरूं लागली.

येथवरचा इतिहास यंत्राचा व समाजाचा झाला. पण शहरांतला बँकेंतील कारकून किंवा आमच्यासारखा अध्यापक डिझेल एस्. यू. व्ही. कां घेऊं लागला, हें त्यावरून समजत नाहीं. त्याचें कारण अर्थशास्त्रांत आहे. शेतकरी व मालवाहतूक यांसाठीं डिझेलचा भाव सरकार मुद्दाम कमी ठेवीत असे. २०१० सालच्या जूनमध्यें पेट्रोलचा भाव मोकळा झाला, डिझेलचा झाला नाहीं. आणि २०१२ सालच्या मे महिन्यांत दिल्लींत या दोन तेलांच्या भावांत लिटरमागें तीस रुपयांहून अधिक अंतर पडलें. शेतकऱ्याच्या नांवानें दिलेली ही सवलत शहरांतल्या उंच गाडीच्या टांकींत जाऊं लागली. जो तो डिझेल गाडी घेऊं लागला. २०१२ सालची डस्टर, २०१३ सालची इकोस्पोर्ट अशा हलक्या बांध्याच्या गाड्या याच लाटेवर आल्या. आज जुन्या बाजारांत उभ्या असलेल्या डिझेल गाड्यांपैकीं पुष्कळांचा जन्म या लाटेंतला आहे, हें घेणाऱ्यानें विसरूं नये. त्या एका विशिष्ट भावाच्या आशेनें घेतल्या गेल्या, आणि तो भाव आतां नाहीं. २०१३ च्या जानेवारीपासून डिझेलचा दर थोडथोडा चढविण्यांत आला, २०१४ च्या ऑक्टोबरांत तो पुरता मोकळा झाला, आणि २०२० सालच्या जूनमध्यें दिल्लींत कांहीं काळ डिझेल पेट्रोलहूनही महाग झालें.

भावानंतर पाठ फिरविली ती कीर्तीनें. २०१२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें डिझेलचा धूर मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणारा आहे, असा निर्णय दिला. २०१५ च्या सप्टेंबरांत उघडकीस आलें कीं, फोक्सवॅगन या मातबर कंपनीनें जगभरच्या सुमारें एक कोटी दहा लाख गाड्यांत अशी आज्ञावली घातली होती, कीं परीक्षा चालू आहे हें गाडीनें ओळखावें, तेवढ्यापुरता धूर आवरावा, व परीक्षा संपतांच पुन्हां मोकळा सोडावा. बनावट कागद आम्हीं पुष्कळ पाहिले. पण परीक्षकास पाहून स्वतःच साक्ष बदलणारा कागद आमच्या शास्त्रासही नवा होता. त्याच वर्षीं राष्ट्रीय हरित लवादानें दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस दिल्ली व तिच्या परिसरांत बंदी केली. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि २०२५ सालीं त्याच न्यायालयानें तिची धार कांहींशी बोथट केली. ती बंदी महाराष्ट्रास लागू नाहीं. पण तिचा परिणाम आपल्याकडेही पोंचला आहे. तिकडच्या गाड्या स्वस्तांत इकडे येतात, आणि घेणाऱ्यास नव्या राज्यांतला कर, ना-हरकत दाखला व नवी नोंदणी यांचा हिशेब मागाहून सुचतो.

शेवटचा टप्पा १ एप्रिल २०२० चा. त्या दिवसापासून देशभर भारत स्टेज ६ हे धुराचे कडक नियम लागू झाले. डिझेलमधील गंधकाचें प्रमाण दशलक्षांत पन्नास भागांवरून दहावर आलें, आणि धुरांतली काजळी अडविणारी गाळणी गाडीस आवश्यक झाली. मारुति कंपनीनें या सुमारास डिझेल गाड्या बांधणेंच सोडून दिलें. ही गाळणी मोठी उपकारक. परंतु तींत सांचलेली काजळी जाळण्यास गाडी मधून मधून मोठ्या रस्त्यावर बराच वेळ सलग धांवावी लागते. जो मनुष्य घरून कचेरींत आणि कचेरींतून मंडईंत एवढेंच हिंडतो, त्याची गाळणी तुंबते; मग दिवा लागतो, मग मेस्त्री, मग बिल.

या इतिहासावरून जुन्या डिझेल गाडीच्या तीन पिढ्या मानतां येतात. पहिली बव्हंशी या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंतची; साधी, आवाजी, धूर सोडणारी, पण गांवच्या मेस्त्रीस उघडतां येणारी. दुसरी त्यानंतरची, २०२० पर्यंतची. तींत तेलाचा दाब फार मोठा व फवाऱ्याचें नियंत्रण विजेच्या मेंदूकडे. ही गाडी शांत व जोमदार असते, पण भेसळीचें तेल तिला सोसत नाहीं आणि तिचे फवारे बदलण्याचा खर्च मोठा येतो. तिसरी २०२० नंतरची. धुरानें सर्वांत स्वच्छ, पण लांबच्या प्रवासाविना आजारी पडणारी. विहिरीवरच्या एंजिनाची कीर्ति ऐकून जो दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची गाडी घेतो, तो आजोबांची प्रकृति पाहून नातवाशीं सोयरीक करतो.

आतां पहिल्या इतिहासाकडे, म्हणजे समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीकडे वळूं. गुरांच्या बाजारांत आपले आजे-पणजे बैलाचें तोंड उघडून दांत पाहत. दुदाती, चारदाती, जुळलेला, हें ठरल्यावांचून दलालाच्या उपरण्याखालीं बोटें धरीत नसत. धर्माच्या गाईचे दांत पाहूं नयेत हें खरें, पण विकतच्या बैलाचे पाहिलेच पाहिजेत. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तेव्हांपासून आपल्याकडे हें तत्त्व रूढ झालें कीं, बखर ऐकावी, पण निर्णय अस्सल कागदावर द्यावा. विकणाराचें बोलणें ही बखर. तींत खोटेंच असतें असें नाहीं. पण ती नंतर रचलेली आणि धन्याच्या सोयीची असते.

प्रथम बहिरंग-परीक्षण, म्हणजे कागद ह्याच वस्तूचा आहे काय, हें पाहणें. नोंदणीच्या पुस्तकांतला एंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक प्रत्यक्ष लोखंडावर कोरलेल्या क्रमांकाशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. धनी किती झाले, गाडी पूर्वीं भाड्यानें चाले काय, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे काय, तो फिटला असल्यास बँकेनें तसें लिहून दिलें आहे काय, हें पाहावें. विम्याच्या जुन्या कागदांवरून मोठी नुकसानभरपाई कधीं घेतली होती काय, हें समजतें. आम्हीं तें विचारलें असतें तर पूर कळला असता. विकणारांसही एक सूचना द्यावीशी वाटते. २०१८ सालच्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें आहे कीं, दप्तरीं ज्याचें नांव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, मग गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली असो. तेव्हां 'नांव मागाहून चढवूं' हें वाक्य दोघांनींही उच्चारूं नये.

नंतर अंतरंग-परीक्षण, म्हणजे खऱ्या कागदांतला मजकूर तरी खरा आहे काय, हें पाहणें. किती अंतर धांवली तें दाखविणारा आंकडा आतां विजेचा असतो, आणि तो मागें नेणारीं साधनें बाजारांत आहेत. आंकडा चाळीस हजार म्हणतो आणि पायाखालच्या पेडलचें रबर गुळगुळीत झालेलें, सुकाणूचें चामडें चकाकणारें, चालकाची बैठक एका बाजूस दबलेली, तर आम्ही आंकड्यावर नव्हे, रबरावर विश्वास ठेवूं. टायरावर चार आंकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. कांचांवरही बहुधा काळाची खूण असते. पांच कांचा एका सालच्या व सहावी निराळ्या सालची, तर त्या सहावीची कथा विचारावी.

एंजिन थंड असतांना पाहावें. विकणारानें आपण येण्यापूर्वींच तें तापवून ठेवलें असेल तर दुसऱ्या दिवशीं पहाटे जावें; पहिल्या सुरुवातीस जें एंजिन कुरकुरतें तें गरम झाल्यावर शहाण्यासारखें वागतें. धुराचीही एक लिपि आहे. निळा धूर म्हणजे एंजिन आपलें वंगण जाळतें. काळा म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर एंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आंत शिरत असण्याचा किंवा तेल अर्धवट जळत असण्याचा संभव. एंजिन चालू ठेवून वंगण घालण्याचें झांकण सैल करावें. आंतून जोरानें वाफारे येऊं लागले तर आंतली झीज फार झाली असें समजावें. सांगाड्यावर निराळें शरीर बसविलेली जीपवंशाची गाडी असेल तर खालीं वांकून तो सांगाडा पाहावा. कोंकणच्या खाऱ्या हवेंत वाढलेली गाडी वरून नवरीसारखी आणि खालून गंजलेली असूं शकते. आणि गालिचा उचलावा. बैठकीखालचे लोखंडी रूळ, सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढल्यावर दिसणारी चिखलाची रेघ, यांस खोटें बोलतां येत नाहीं. २००५ च्या जुलैंत मुंबई, २०१९ च्या ऑगस्टांत सांगली-कोल्हापूर, २०२१ च्या जुलैंत चिपळूण. महाराष्ट्राच्या पुरांच्या या तारखा आहेत, आणि गाडीच्या कागदांवर त्या काळीं ती कोठें होती हें पाहतां येतें. गाडींत अत्तराचा वास जितका अधिक, तितका आपला संशय अधिक असावा.

आणखी एक साधन पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तें म्हणजे कारखानदाराचें भवितव्य. शेव्हरोलेची विक्री येथें २०१७ च्या अखेरीस बंद झाली. फोर्डनें २०२१ सालीं येथील बाजारासाठीं गाड्या बांधणें थांबविल्याचें जाहीर केलें. अशा गाड्या वाईट होत्या असें नाहीं, कांहीं तर फार चांगल्या होत्या. पण राजधानी मोडलेल्या राज्याचें नाणें घेण्यापूर्वीं तें आपल्या गांवच्या बाजारांत चालतें काय, म्हणजे सुटे भाग व जाणता मेस्त्री जवळपास मिळतो काय, याची चौकशी करावी.

एवढें सारें जमल्यावरही मुख्य प्रश्न उरतोच: आपणांस डिझेल हवें कशास? एक ढोबळ हिशेब करूं. समजा, सारख्याच आकाराची डिझेल गाडी लिटरमागें १५ किलोमीटर जाते व पेट्रोलची ११. डिझेलचा भाव ९० रुपये व पेट्रोलचा १०४ धरला. महिन्यास पांचशें किलोमीटर जाणाऱ्यास डिझेलला ३,००० व पेट्रोलला सुमारें ४,७०० रुपये लागतात. वर्षाची बचत वीस हजारांच्या आसपास. फवारे किंवा काजळीची गाळणी एकदां बिघडली कीं ती बचत तींत जाते, आणि शहरांतल्या अशा तुटक वापरानेंच तीं बिघडतात. तोच मनुष्य महिन्यास दीड हजार किलोमीटर जात असेल तर बचत वर्षास साठ हजारांवर पोंचते, आणि गाडीही निरोगी राहते. म्हणून आमचें मत असें कीं, पुण्या-मुंबईंत घरून कामावर जाऊन येणाऱ्या कुटुंबानें जुन्या डिझेलच्या वाटेस जाऊं नये. उंच बसण्याची हौस पेट्रोलनेंही भागते. आणि आपली हौस शेजाऱ्याच्या मुलाच्या फुफ्फुसांतून वसूल करूं नये. ज्यास रोज लांब, चढणीचा, ओझ्याचा रस्ता आहे, त्याच्यासाठींच हें एंजिन १८९७ सालीं जन्मलें, आणि त्याच्यापाशीं तें आजही प्रामाणिक आहे.

गेल्या हिंवाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आला. पाटणच्या पलीकडे डोंगरांतल्या एका गांवीं तो शिक्षक आहे. आईला आठवड्यांतून तीनदां डायलिसिससाठीं कऱ्हाडास न्यावें लागतें. जातां-येतां शंभराहून अधिक किलोमीटर, आणि पावसांत रस्ता म्हणजे ओढाच. "सर, वडापमध्यें आईला बसवत नाहीं आतां," एवढेंच तो म्हणाला. त्याच्या खर्चाच्या मर्यादेंत तीन गाड्या होत्या. आम्ही दोघे तीन दिवस पहाटे उठून त्या पाहत हिंडलों. पहिली आम्ही पोंचण्यापूर्वींच तापवून ठेवलेली होती. दुसरीच्या पुस्तकांत कर्जाची नोंद तशीच होती. तिसरीच्या धन्यानें आपण होऊन सांगितलें कीं, मागचा दरवाजा एकदां ठोकला गेला होता, आणि त्याचें बिल काढून पुढें ठेवलें. वैगुण्य सांगणारा साक्षीदार इतिहासांत दुर्मिळ असतो. त्याच्या बाकीच्या साक्षीचें वजन वाढतें.

तरीही आम्हीं गालिचा उचलून पाहिला. खालीं थोडे चुरमुरे होते, आणि कोणा मुलाच्या पेन्सिलीचा एक तुकडा. आम्हीं विद्यार्थ्यास सांगितलें, "ही घे."